बोटीवरची शिदोरी

चिपळूण शहरालगत वाशिष्ठी नदीच्या काठी गोवळकोटचा धक्का आहे. एका बाजूस गोविंदगडाची टेकडी, जवळच करंजेश्वरी देवीचे देऊळ, पैलतीरी कालुस्ते गाव आणि मधून संथपणे वाहणारे खाडीचे गढूळ पाणी. आज मुंबईहून निघालेला मनुष्य आगगाडीने किंवा मोटारीने काही तासांत चिपळुणास येऊन पोहोचतो. या धक्क्याकडे जाण्याचे त्याला कारणच पडत नाही. परंतु १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या कितीतरी आधी चिपळूणकरांचा मुंबईचा रस्ता याच धक्क्यापासून सुरू होत असे. तो रस्ता पाण्याचा होता.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आगबोट सुटे. ‘चंपावती’, ‘रोहिदास’ ही बोटींची नावे किनाऱ्यावरच्या मुलांना घरच्या गाईंच्या नावांसारखी पाठ असत. बोट किनारा धरून दक्षिणेस जाई, एकेका बंदरापाशी थांबे, उतारू आणि सामान उतरवी व पुढे चालू लागे. चिपळूणचे उतारू दाभोळास उतरत. तेथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. मोठी बोट खाडीतून फार आत येऊ शकत नसे, म्हणून पुढच्या प्रवासासाठी दाभोळास एक लहान लाँच तयार असे. भरतीच्या पाण्याबरोबर ती सुमारे पंचवीस मैल आत येई आणि गोवळकोटास लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा सारा व्यवहार बंद पडे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या बोटींना मोठी गर्दी उसळत असे.

समुद्रावरून सहल करण्यासाठी पुढे निराळ्या बोटी निघाल्या. २०१८ साली मुंबईहून गोव्याकडे ‘आंग्रिया’ नावाची बोट सुरू झाली. तिच्यावर निजण्यासाठी सजवलेल्या खोल्या होत्या, उपाहारगृहे होती, पोहण्यासाठी तलावसुद्धा होता. जुन्या आगबोटीवर यातले काही नव्हते. तरीही सुट्टी संपवून त्या बोटीने घरी परतणाऱ्या मुलांना ती सहलच वाटे. शिदोरी, भजन, खेळ आणि घराची ओढ यांनी तो दिवस भरून जाई.

१९५५ च्या सुमाराची गोष्ट. मे महिना संपत आला होता. बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर मुंबईहून चिपळुणास परत निघाला होता. गिरगावात मामाच्या बिऱ्हाडी त्याने सुट्टीचे तीन आठवडे घालवले होते. त्याची सहा वर्षांची धाकटी बहीणही यायची होती. पण निघण्याच्या चार दिवस आधी तिला गोवर आला आणि ती आईजवळ घरीच राहिली. निरोप देताना ती अंथरुणातून म्हणाली होती, “दादा, मला हलवा आण हं! तो कागदातला.” माहीमच्या हलव्याची पातळ, चौकोनी पाने तिने एकदाच खाल्ली होती, आणि त्यांचा स्वाद ती विसरली नव्हती.

मुलाने मामाने दिलेले खाऊचे पैसे तीन आठवडे जपून ठेवले. चौपाटीवर भेळ खाल्ली नाही की भोवरा घेतला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने त्या पैशांतून हलव्याचा एक लहानसा डबा विकत घेतला आणि आपल्या वळकटीच्या अगदी आत, चादरीच्या घडीत ठेवून दिला.

भाऊच्या धक्क्यावर त्या दिवशी माणसांचा समुद्र लोटला होता. ट्रंका, वळकट्या, टोपल्या, कंदील आणि रडणारी मुले यांतून वाट काढीत उतारू बोटीवर चढत होते. डेकवर पाय ठेवताच ज्याने त्याने आपली सतरंजी किंवा घोंगडी पसरून जागा धरली. सतरंजी पसरली की ते त्या कुटुंबाचे घर झाले. आजोबांनीही छपराच्या सावलीत, वाऱ्याची बाजू पाहून घोंगडी पसरली. शेजारी कडेवर तीन वर्षांचे मूल घेतलेली एक बाई येऊन बसली. तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत कामाला होता. त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून ती एकटीच खेर्डीला आपल्या गावी निघाली होती.

भोंगा वाजला आणि बोट हलली. मुंबईच्या इमारती हळूहळू लहान होत गेल्या. पाण्यावरून पांढरे पक्षी बोटीच्या मागोमाग येऊ लागले. थोड्या वेळाने आजोबांनी एका दिशेला पाहून मुकाट्याने हात जोडले. आजूबाजूच्या पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांनीही तसेच केले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट याच पाण्यात बुडाली होती आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली होती. त्या गोष्टीला सात-आठ वर्षे झाली होती. पण आपले माणूस बोटीत बसले की कोकणातल्या कित्येक घरांत दिवा लावताना अजूनही हात कापत असे. मुलाची आई त्यांपैकीच एक होती.

मुलांचे मन मात्र भीतीत फार वेळ रमत नाही. खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे आली, मग अलिबागचा कुलाबा किल्ला दिसला. आजोबा एकेक नाव सांगत आणि मुलगा कठड्याला धरून पाहत राही. तिकडे काही मंडळींनी पत्त्यांचा डाव मांडला होता. एका कोपऱ्यात टाळ आणि मृदंग बाहेर निघाले व भजनाला रंग चढला. यंत्रांची धडधड आणि टाळांचा नाद एकमेकांत मिसळून गेले. मध्येच चहाची किटली घेऊन एक पोऱ्या गर्दीतून फिरून गेला. जंजिऱ्याचा किल्ला पाण्यातून वर आलेला दिसला, तेव्हा पत्ते खेळणारेही हातातली पाने पालथी ठेवून उठून उभे राहिले.

दुपारपर्यंत वारा वाढला. पावसाळा जवळ आल्याची ती खूण होती. बोट डोलू लागली आणि बऱ्याच जणांना ‘बोट लागली’. ज्यांना ती लागली नव्हती, ते लिंबे आणि आवळासुपारी घेऊन इतरांच्या उशाशी गेले. शेजारची बाई तर डोके वर काढीना. तिच्या मुलाला आजोबांनी आपल्या मांडीवर घेतले. इतक्यात लाटेचा एक जोराचा सपकारा डेकवर आला आणि तिच्या शिदोरीचे गाठोडे खाऱ्या पाण्याने चिंब भिजले. भाकऱ्यांचा अगदी लगदा झाला.

ते पाहून कोणी फार बोलले नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा एकेका घोंगडीवरून एकेक घास तिच्या पुढ्यात येत गेला. कोणी तांदळाची अर्धी भाकरी दिली, कोणी लसणीची चटणी, कोणी दहीभाताचा गोळा, तर कोणी दोन केळी. बोटीवर शिदोरी अशीच फिरत असे. भाकरी एका घरची, चटणी दुसऱ्या घरची आणि पाणी तिसऱ्याच्या तांब्यातले. मुलालाही ते जेवण फार गोड लागले. आजोबांनी शिदोरीचे फडके झटकले आणि घडी करून पिशवीत ठेवले. रात्री घरीच जेवायचे होते, मग उरवायचे कशाला? इतरांनीही तोच हिशेब केला होता.

पण तो हिशेब चुकला. श्रीवर्धन मागे पडले, हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग मागे पडला; परंतु समोरून येणारा वारा आणि बंदरोबंदरीची गर्दी यांमुळे बोटीला उशीर होत गेला. ती दाभोळास लागली तेव्हा सूर्य अंजनवेलच्या डोंगराआड उतरत होता आणि भरती होऊन गेली होती. लाँचच्या सारंगाने पाण्याकडे पाहून मान हलवली. तो खाडीकाठच्या एका गावचा वृद्ध मुसलमान होता. या पाण्यात त्याचे आयुष्य गेले होते. “सुकती लागली आहे,” तो म्हणाला, “त्यातून भांगाचे दिवस. जाता येईल तेवढे जाऊ.”

आजोबांनी मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगितला. भरती आणि ओहोटी दर सहा तासांनी पालटतात. अमावस्या-पौर्णिमेला पाणी पुष्कळ चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते थोडेच चढते, तो भांग. त्या दिवशी वैशाख वद्य अष्टमी होती.

लाँच अंधारातून निघाली. दोन्ही काठांवर तिवरांची काळी रांग होती. मध्येच एखाद्या वाडीतला दिवा लुकलुके. करंबवणे मागे टाकल्यावर थोड्याच वेळात तळाशी खरखर असा आवाज झाला, लाँच एका अंगाला किंचित कलली आणि थांबली. ती वाळूवर चढली होती. सारंगाने यंत्र मागे-पुढे करून पाहिले, खलाशांनी बांबू टेकवून जोर लावला. पण पाणी उतरतच होते. “आता भरती येईपर्यंत हलणे नाही,” सारंगाने सांगितले. उतरून काठाने चालत जावे, तर मध्ये कमरेएवढा चिखल आणि त्यात मगरींचा वावर. रात्र लाँचवरच काढणे भाग होते.

पहिला तास हसण्या-बोलण्यात गेला. दुसऱ्या तासाला मुले पेंगू लागली. मग त्या बाईचे मूल भुकेने रडू लागले. दुपारी त्याने थोडेच खाल्ले होते. आई त्याला थोपटत होती. पण तिच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते आणि मागण्याची तिला लाज वाटत होती. कोणीतरी म्हणाले, “पाहा रे, कोणाच्या शिदोरीत काही उरले आहे का?” पिशव्या उघडल्या गेल्या. एका फडक्यातून मूठभर चणे निघाले, दुसऱ्यातून भाकरीचा कोरडा तुकडा. मुलाला तो चावेना. ते पुन्हा रडू लागले.

कंदिलाच्या उजेडात एका खलाशाने मुलाला सहज विचारले, “काय रे बाळ, तुझ्याजवळ काही आहे का?”

मुलगा वळकटीला टेकून बसला होता. हलव्याचा डबा त्याच्या पाठीशी होता. “नाही,” तो म्हणाला.

आजोबा शेजारीच होते. डब्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले आणि नजर पाण्याकडे वळवली. ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे मुलाला वाटले. त्याने मनाशी म्हटले, ‘हा खाऊ माझा नाहीच. तो तिचा आहे. दुसऱ्याची वस्तू कशी द्यावी?’ हे म्हणणे खोटे नव्हते. तरी त्या ‘नाही’चा सल काही जाईना.

तेवढ्यात सारंग खालून एक पातेले घेऊन आला. खलाशांनी आपल्या रात्रीच्या जेवणासाठी शिजवलेला तो भात होता. त्याने प्रथम त्या मुलाला चार घास भरवले, मग इतर लहान मुलांच्या हातांवर एकेक मूठ ठेवली. या मुलाच्याही हातावर ठेवली. पातेले रिकामे झाले. सारंगाने घोटभर पाणी प्याले, तोंड पुसले आणि तो पुन्हा आपल्या जागी जाऊन काठाकडे पाहत बसला.

मुलाने हातावरच्या भाताकडे पाहिले. ज्याने तो दिला, त्याच्या वाट्याला आता काहीच उरले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले. तो भात त्याच्या घशाखाली उतरेना.

तो उठला. त्याने वळकटीची दोरी सोडली, चादरीच्या घडीतून डबा काढला आणि सारंगाजवळ जाऊन उभा राहिला. “काका,” तो म्हणाला, “मी मघाशी खोटे बोललो. माझ्याजवळ हे आहे.”

सारंगाने डबा हातात घेतला, कंदिलाजवळ धरून पाहिला आणि विचारले, “कोणासाठी नेत होतास?”

“धाकट्या बहिणीसाठी. तिला गोवर आला होता.”

सारंग क्षणभर थांबला. “मग हे तू मला देऊ नकोस,” तो म्हणाला, “तूच वाट. बहिणीच्या नावाने वाट.”

मुलाने पान उलगडले की वेलदोड्याचा वास दरवळे. पहिले पान त्याने रडणाऱ्या मुलाला दिले. ते रडायचे थांबले आणि दोन्ही हातांनी पान धरून चोखू लागले. मग दुसरे पान सारंगाला, तिसरे खलाशांना. त्यानंतर मोठ्या माणसांसाठी आजोबांनी पानांचे नखाएवढे तुकडे केले. प्रत्येकाने तो तुकडा देवाचा प्रसाद घ्यावा तसा हात पुढे करून घेतला. डब्यात शेवटी नुसते तुपकट कागद उरले. मुलाने ते घडी करून पुन्हा डब्यात ठेवले.

मध्यरात्र झाली. पूर्वेच्या डोंगरावर अर्धा चंद्र उगवला. बऱ्याच वेळाने लाँचच्या बाजूला पाणी चुबुकचुबुक वाजू लागले, आणि पहाटेच्या आधी ती हळूच सरळ होऊन तरंगली. यंत्र सुरू झाले तेव्हा बहुतेक उतारू एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपले होते. त्या बाईच्या मुलाचे डोके आजोबांच्या मांडीवर होते.

गोवळकोटचा धक्का दिसला तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. धक्क्यावर पाच-सात माणसे रात्रभर बसून होती. त्यांत आई होती. तिच्या हातातला कंदील उजाडले तरी जळतच होता, तो विझवण्याचे तिला भान नव्हते. मुलाला जवळ घेऊन तिने त्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून हात फिरवला आणि मगच कंदिलाची वात खाली केली. सासऱ्यांना ती एवढेच म्हणाली, “फार वाट पाहिली.” आजोबा म्हणाले, “पाणी नव्हते, सूनबाई. माणसे मात्र चांगली होती.”

बैलगाडीतून घरी जाताना मुलगा अगदी गप्प होता. वाटेत आंब्यांचा वास येत होता, ओळखीचे पऱ्हे आणि पार दिसत होते. पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. घराच्या ओट्यावर बहीण उभी होती. गोवराने ती बारीक झाली होती. “दादा, हलवा?” तिने पहिलाच प्रश्न केला.

मुलाने डबा तिच्या हातात ठेवला. तिने तो उघडला. आतले रिकामे कागद पाहून तिचे ओठ थरथरले आणि डोळे भरून आले. मुलगा तिच्याजवळ पायरीवर बसला आणि त्याने तिला सारे सांगितले. बोटीवरची लाट सांगितली, वाळूत रुतलेली लाँच सांगितली, सारंगाने दिलेला भात सांगितला. आपण आधी ‘नाही’ म्हणालो, तेही त्याने लपवले नाही.

ती ऐकत राहिली. मग गाल पुसून तिने विचारले, “ते बाळ रडायचं थांबलं का?”

“हो. लगेच थांबलं.”

“आणि मग झोपलं?”

“आजोबांच्या मांडीवर झोपलं.”

तिने थोडा विचार केला. एक कागद उचलून नाकाशी धरला आणि त्याचा वास घेतला. “अजून येतो आहे वास,” ती म्हणाली, “मग बरं झालं दादा.” आणि तो डबा घेऊन ती आत आईला दाखवायला धावत गेली.

पुढे कित्येक वर्षे त्या डब्यात तिच्या गुंजा आणि शिंपले असत. किनाऱ्यावरच्या त्या आगबोटी कालांतराने बंद झाल्या, गोवळकोटची लाँचही थांबली. मुलगा मोठा झाला, पुष्कळ फिरला, अनेक पंक्तींना जेवला. पण कोणी हातावर मूठभर भात ठेवला, की त्याला आधी वळकटीतला तो डबा आठवे. मग आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे, हे तो शोधू लागे.